निळी चिंधी बांधलेला दुधी

किन्हवली, तालुका शहापूर
३० मे

आदरणीय पारूआक्का यांस रत्नप्रभाचा मनापासून जयभीम.

इकडे सर्व ठीक आहे, असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिलं. आता जे ठीक नाही ते पुढे येईलच. तुमचा गुडघा कसा आहे? डावा की उजवा हे मी विसरले, तरी जो दुखत असेल त्याची चौकशी समजावी. दाजींनी कानातलं मशीन लावायला सुरुवात केली का, की ते अजून डबीतच आहे? डबीत असेल तर हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवावं लागेल आणि मग सगळी आळी ऐकेल, तेव्हा आधी एकदा मनातल्या मनात वाचावं ही विनंती.

फोनवर बोलता आलं असतं, हे मलाही कळतं. पण गेल्या एकोणीस दिवसांत मी तुम्हाला अकरा वेळा फोन केला आणि अकराही वेळा ती बाई बोलली. आवाज गोड आहे तिचा, पण ती आपल्या नात्यातली नाही. (इंद्रजीत म्हणतो, आक्काच्या नातवाने चुकून तुझा नंबर बंद केला असेल. मी म्हटलं, तुझ्या आत्याच्या घरात चुकून काही होत नाही.) पत्राचं एक बरं असतं, ते कट करता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस एकदा वाचतोच.

माझी शाळा चौथीपर्यंत, हे तुम्हाला ठाऊक आहे. पुढचं सगळं वाचन पुड्या बांधून आलेल्या कागदांवर झालं. शेंगदाण्यांचे कागद, मिरचीचे कागद, शिवाय तुमचे भाऊ वाशिंदच्या कारखान्यातून येताना पिशवीच्या तळाशी घालून आणायचे ती रद्दी. त्यामुळे मला पुष्कळ गोष्टींची सुरुवात माहीत आहे, मधलं थोडं माहीत आहे, आणि शेवट बहुतेक माहीत नाही, कारण वाणी कागद नेमका तिथेच फाडतो. एका गोष्टीतली बाई घागर घेऊन विहिरीवर गेली, ती पंधरा वर्षं झाली तरी परत आलेली नाही. मी पहिल्या वर्षी तिची काळजी करायचे. आता करत नाही. सांगायचा मुद्दा, पत्र लांबलं किंवा मध्येच भलतीकडे गेलं तर माझ्या शाळेला दोष द्यावा.

तर ११ मेला, तुमच्या भावाच्या दुसऱ्या स्मृतिदिनाला, तुम्ही न जेवता साडेतीनच्या एस.टी.ने मुरबाडला निघून गेलात. आभाराच्या भाषणात मी गावातल्या झाडून सगळ्यांची नावं घेतली आणि सख्ख्या नणंदेचं घेतलं नाही, म्हणून गेलात. हे मला कळलेलं आहे, तेव्हा ते कळलं नसल्यासारखं मी लिहिणार नाही. पण त्या आभाराच्या आधी दुधीची गोष्ट घडली, ती तुम्हाला माहीत नाही, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

यंदाचा उन्हाळा कसा आहे हे मी मुरबाडला काय कळवणार, तोच सूर्य तिकडेही आहे. आमची विहीर एप्रिलच्या मध्यावर तळाला गेली. टँकर एक दिवसाआड येतो, म्हणजे कागदावर येतो. खरं म्हणजे टँकरचं चाक, टँकरवाल्या बुधूचं पोट आणि त्याच्या साहेबांची सही ही तिन्ही ज्या दिवशी ठीक असतील त्या दिवशी येतो. (धरणं आपल्या तालुक्यात आणि टँकरची वाट बघणारेही आपल्याच तालुक्यात, यावर आता कुणी हसतसुद्धा नाही.) तरी परसात मी चार वाफे धरून ठेवले आहेत. तांदळाचं धुवण मिरच्यांना, भांड्यांचं पाणी अळवाला, आंघोळीचं गवारीला. माझी आंघोळ गवारीच्या गरजेपुरतीच असते. दुधीच्या वेलाला मात्र चांगलं पाणी, आणि तेही सलाइनच्या बाटलीतून, थेंब थेंब.

त्या बाटल्या तुमच्याच हातच्या. कल्याणच्या हॉस्पिटलात एकवीस दिवस तुमच्या भावाला बाटल्या चढत होत्या आणि ते वर बघून हिशेब लावत होते की एक बाटली किती तासांत संपते आणि तेवढ्यात वेलाचं आळं किती भिजेल. नर्सबाईंना म्हणाले, ‘‘रिकामी बाटली टाकू नका, मला वेलाला लावायचीय.’’ नर्सबाई म्हणाल्या, ‘‘बाबा, आधी तुमी बरे व्हा.’’ तर म्हणाले, ‘‘माझं तुमी बघा, वेलाचं मी बघतो.’’ आणि तुम्ही रोज मुरबाडहून पेज घेऊन यायचात, ती भरवायचात, आणि परत जाताना त्या बाटल्या धुऊन माझ्या पिशवीत घालायचात. मी एकदा घरी येत होते तर एस.टी.त शेजारच्या बाईने पिशवीत डोकावून विचारलं, ‘‘काय इकतेस गो?’’ मी म्हटलं, काय नाय, नवऱ्याची हौस आहे. एकविसाव्या दिवशी त्यांनी मला घरी पाठवलं. म्हणाले, तीन दिवस वेलाला पाणी नाय, तू जा, माझ्याजवळ आक्का आहे. मी गेले. आळ्यात दुसरी कळशी ओतत होते तेव्हा इंद्रजीतचा फोन आला. त्याबद्दल इथे काही लिहायचं नाही.

हा दुधी कुठला, हे तुम्हाला मी सांगणं म्हणजे जरा जास्तच. पण इंद्रजीतच्या मुलीने परवा विचारलं की आजी, तू एका भाजीसाठी का रडतेस (मी रडत नव्हते, चुलीत ओलं लाकूड होतं), तेव्हा तिला पहिल्यापासून सांगावं लागलं, तेच इथे उतरवते. गोजाबाई, म्हणजे आपल्या आई, लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर दुसरं काही नव्हतं, हे बी होतं. जमीन नव्हती म्हणून वेल झोपडीच्या कुडावर चढवला. जमीन नसली तर नसली, दुधीला छप्पर पुरतं, असं त्या म्हणायच्या. तुमच्या लग्नात त्यांनी तुमच्या पदराला गाठ मारली आणि सासरी जाऊन सोड म्हणाल्या. गाठ घट्ट होती. तुमच्या सासरच्यांना वाटलं आत सोन्याचा मणी आहे; सासू, दोन जावा आणि गल्लीतल्या चार बाया मिळून गाठ सोडायला बसल्या, आणि आतून निघालं दुधीचं बी. तुमची सासू म्हणाली, ‘‘हे काय गो?’’ आणि तुम्ही म्हणालात, ‘‘पेरा, मंग बोला.’’ हे आई मेल्या त्या वर्षापर्यंत दर उन्हाळ्यात सांगायच्या आणि दर वर्षी गाठ सोडणाऱ्या बायांची संख्या दोनने वाढवायच्या. मी ऐकलं तेव्हा त्या अकरा होत्या.

बियाण्याचा दुधी तोडायचा नाही, वेलावरच वाळू द्यायचा, आणि कुणी तोडू नये म्हणून त्याला खूण करायची, ही आपल्या घरची रीत. तुमचे भाऊ तंबाखूच्या डबीतल्या चुन्याचं बोट ओढायचे. ती डबी आता सुकली आहे. म्हणून यंदा मी त्यांच्या कारखान्याच्या शर्टाची एक पट्टी फाडली आणि दुधीच्या देठाला बांधली. शर्ट निळा. पट्टी निळी. आपल्या आळीतल्या कुणीही जुन्या बाईने चिंधी बघितली असती तर तिने दुधीला हात लावला नसता. अजून पंधरा दिवस मिळाले असते तर बी पूर्ण पिकलं असतं. एवढाच एक राखला होता. बाकीचे चार मी आधीच तोडून वाटले, त्यातला एक तुम्हालाच दिला होता आणि तुम्ही म्हणालात की माझ्याकडचे याहून लांब होतात.

आता इंद्रजीत. मी म्हटलं होतं, सकाळी वंदना घेऊ, घरातली चार माणसं जेवू, झालं. त्याला ते कमी वाटलं. त्याच्या साहेबाच्या वडिलांच्या वेळी म्हणे पाहुण्यांना झाडांची रोपं दिली होती. म्हणून त्याने एक्कावन्न रोपं आणली. मे महिन्यात. ज्या गावात माणूस टँकरमागे पळतो त्या गावात, प्रत्येक पाहुण्याच्या हातात एक रोप, वर बापाच्या फोटोचं लेबल. पाहुण्यांनी दोन्ही हातांनी घेतली, फोटो काढून घेतले, आणि एस.टी.त अडचण नको म्हणून जाताना आमच्या ओसरीवर परत ठेवून गेले. बेचाळीस रोपं उरली, आक्का. बेचाळीस ठिकाणी तुमचे भाऊ रांगेत उभे राहून माझ्याकडे पाणी मागत आहेत. (हे होते तेव्हा एक पेला पाणी कधी उठून घेतलं नाही, आता बेचाळीस पेले.) पिशवी न मागता, रागावलेल्या तोंडाने का होईना, पण जांभळाचं रोप काखेत मारून तुम्ही गेलात, हे मी खिडकीतून बघितलं. ते लागलं का ते कळवा. नाही लागलं तर माझ्याकडे बदली भरपूर आहेत.

मांडव पोरांनी घातला. पोरं मांडव घालतात तेव्हा पताका मोजत नाहीत. निळ्या पट्ट्या दाराला, मांडवाच्या खांबांना, विजेच्या पोलला, जगनभावोजींच्या मोटरसायकलला, आणि दोन वर्षं कोरड्या पडलेल्या हापशालासुद्धा. हापसा इतका नटवला होता की बुधूने टँकर थांबवून विचारलं, ‘‘काय, पानी आलं काय ह्याला?’’ या सगळ्या निळ्यात माझा एक निळा दुधी. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. मी तेव्हा आभाराचा कागद पाठ करत होते.

आभाराची भानगड जगनभावोजींची. ते मंडळाचे सेक्रेटरी, आणि माइक हातात असला की त्यांना भूक लागत नाही. आठ दिवस आधी येऊन म्हणाले, ‘‘वयनी, आभार तुमीच मानायचे. घरच्या बाईनी आभार मानले का कार्यक्रमाला वजन येतं.’’ मी म्हटलं, मला बोलता येत नाही. म्हणाले, ‘‘मंग वाचा. तुमी तर येवढं वाचता.’’ मी तीन दुपारी बसून कागद लिहिला. अठ्ठावीस नावं झाली. कुणी काय केलं ते प्रत्येकाच्या नावापुढे लिहिलं, कारण नुसतं नाव घेऊन आभार मानणं मला रेशनच्या दुकानातल्या हाकेसारखं वाटतं.

भाषणं तुम्ही ऐकलीतच, समोर पहिल्या ओळीत बसला होता. तालुक्याहून आलेले ते पाहुणे तुमच्या भावाला वृक्षमित्र म्हणाले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मी मांडवाच्या छताकडे बघितलं. त्यांनी जन्मात एकच झाड लावलं, शेवग्याचं, आणि ते पडलं तेही जगनभावोजींच्या न्हाणीवर. भावोजी तेव्हा आत होते. पण माइकवर तेच भावोजी ‘‘बाळारामदादांनी आमाला झाडांच्या छायेत आणलं’’ म्हणाले, तेव्हा मला त्यांचं मोठेपण पटलं. पाहुण्यांचं भाषण इतकं लांबलं की त्यांना ठसका लागला, आणि मी पाण्याचा तांब्या आणायला घराला वळसा घालून परसात गेले.

वेलावर दुधी नव्हता.

आधी मला वाटलं ऊन डोक्यात गेलं. मग देठ दिसला, कापलेला, वर चिकाचा थेंब. आणि चुलाणापाशी वाशिंदची संगीता, आपल्या शेजारची नवी सून, चण्याच्या डाळीत फोडी टाकत होती. माणसं वाढली म्हणून भाजी कमी पडत होती, कुणीतरी सांगितलं मागे वेल आहे, बघ. मी विचारलं, चिंधी दिसली नाय तुला? ती म्हणाली, ‘‘दिसली ना काकी. मला वाटलं डेकोरेशन हाय.’’ मी म्हटलं, अगो, दुधीला कोण डेकोरेशन करतं? ती म्हणाली, ‘‘हापशाला करतात तर दुधीला का नाय?’’ याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर कळवा. पोरगी खोटी नाही. डोळ्यात पाणी आणून म्हणाली, वाशिंदला दुधी पिशवीतून येतो काकी, वेलावर मी पयल्यांदाच बघितला. आणि म्हणाली, चिंधी चांगली होती, वाया नको म्हणून मी ती माइकच्या दांडीला बांधायला पाठवली.

तेवढ्यात माइकवरून माझं नाव पुकारलं.

मी तांब्या पाहुण्यांना दिला (ठसका तोवर बरा होऊन भाषणही संपलं होतं) आणि माइकसमोर उभी राहिले. माझ्या नाकासमोर दांडीला त्यांच्या शर्टाची पट्टी. कारखान्यातलं ग्रीस कधी निघालं नव्हतं, तो डागसुद्धा तिथेच. कागद उघडला. पुढे काय झालं ते तुम्ही बघितलंय, पण तुम्ही खालून बघितलंय, मी वरून सांगते. मी वाचायला लागले. मंडळाचे आभार, बौद्धाचार्यांचे आभार, मांडववाल्याचे, ज्यांनी सतरंज्या दिल्या त्यांचे. कागद ठरल्यापेक्षा लवकर संपला आणि जगनभावोजी बाजूने हाताने ‘वाढवा, वाढवा’ अशी खूण करत होते, कारण भात शिजायचा होता. मग मी वाढवलं. सुट्टीच्या दिवशी खास टँकर आणला म्हणून बुधूचे आभार मानले. भाषणं चालू असताना गप्प बसली म्हणून मांडवातल्या कोंबडीचे मानले. आणि शेवटी म्हटलं, जो वेलावर राहणार होता पण आज आपल्या सर्वांच्या ताटात येत आहे त्या दुधीचेही मी आभार मानते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं मी काहीतरी खोल बोलले. तालुक्याचे पाहुणे तर नंतर म्हणाले, ताईंनी शेवट फार छान केला.

तुम्ही सुरुवातीला पदर सारखा करून जरा पुढे सरकून बसला होता. ते मी बघितलं. कोंबडीचं नाव आलं तेव्हा तुम्ही मागे टेकलात. तेही बघितलं.

तुम्ही गेल्यावर इथे प्रत्येकाने माझी समजूत घातली. जगनभावोजी म्हणाले, ‘‘वयनी, तुमचं काय चुकलं? घरच्यांचे आभार मानायचे नसतात. मानले तर ते परके झाले.’’ मला ते पटलं. आपल्यात कोण कुणाला थँक्यू म्हणतं? तुम्ही एकवीस दिवस पेज आणलीत ती काय माझ्या आभारासाठी? आई आजारी असताना मी त्यांचं केलं तेव्हा तुम्ही माझे आभार मानले नाहीत, फक्त जाताना माझ्या डोक्यावरची पाण्याची कळशी काढून स्वतःच्या डोक्यावर घेतलीत. हिशेब तिथेच मिटला. भावोजींचं म्हणणं बरोबर आहे, असं धरून मी दोन दिवस झोपले. तिसऱ्या दिवशी वाटलं, मग कोंबडी काय परकी होती?

एकूण असं आहे. दुधीची भाजी चांगली झाली होती असं लोक म्हणतात, मी खाल्ली नाही. तुम्हीही खाल्ली नाही. एवढ्या माणसांत आपण दोघीच उपाशी राहिलो, हे नंतर माझ्या लक्षात आलं. बाकी काही विशेष नाही. गवार बरी आहे. मिरच्यांवर बोकड्या पडलाय, पानं आकसलीत, पण त्या तग धरून आहेत. माणसं आपापल्या परीने करतात. बुधू टँकर आणतो तेव्हा शेवटी पाइपात राहिलेलं पाणी माझ्या बेचाळीस रोपांवर झाडतो आणि म्हणतो, ‘‘काकी, तुमचे म्हातारे लई पितात.’’ संगीता रोज सकाळी तिच्या आंघोळीचं पाणी आणून ओतते आणि रिकामी बादली घेऊन परत जाते. असल्या दिवसांत कुणी आपलं पाणी दुसऱ्याच्या मुळाशी ओततं, हे बघून बरं वाटतं, आणि त्याबद्दल भाषण करायची गरज नाही, हे बघून आणखी बरं वाटतं.

दाजींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. फोनमधल्या बाईलाही सांगा, आता तिला त्रास देणार नाही.

तुमची भावजय,
रत्नप्रभा

ता.क. लिहायचं मुख्य तेच राहिलं. आईंच्या हातचं बी आता फक्त तुमच्याकडे आहे. तुम्ही दरवर्षी लावता, आणि तुमचे दुधी लांब होतात, हे मी आज लेखी मान्य करते. मृगाच्या आत दहा बिया द्या. पोस्टाने पाठवू नका, शिक्क्याखाली चेंगरतात. इंद्रजीतला आणायला पाठवलं तर तो रस्त्यात कुठेतरी लेबल लावून वाटून टाकेल. तेव्हा स्वतःच घेऊन या. पदराच्या गाठीत आणलंत तरी चालेल, सोडायला इथे बाया आहेत.

ता.क. दुसरा, २ जून. पाकिटाला डिंक लावायचा राहिला ते बरं झालं. आज सकाळी उकिरड्यावर राख टाकायला गेले तर तिथे दुधीची नऊ रोपं. संगीताला हाक मारली. ती म्हणाली, ‘‘काकी, तो दुधी आतून जून होता, बिया टणक होत्या, म्हणून मी मधला गर काढून तिथं टाकला. का? पुन्हा चुकलं काय माझं?’’ पंगतीच्या भांड्यांचं सगळं पाणी त्या दिवशी तिकडेच गेलं. मी रोज तिथे राख टाकत होते, आणि रोज परत येऊन बी गेलं म्हणून उदास होत होते. आता तीन आठवड्यांची उदासी हातात उरली आहे, तिचं काय करायचं ते कळत नाही. संगीताचे आभार मानले नाहीत. तिला नऊतली दोन रोपं दिली आणि चिंधी कशाला बांधतात ते सांगितलं. तर बियांची गरज नाही. वरचं सगळं रद्द समजावं, लांब दुधीचं तर नक्कीच. तरी या.

ता.क. तिसरा. सोबत आभाराचा कागद घातला आहे. तो उघडा. पहिल्या ओळीत तुमचं नाव आहे, पुढे काय लिहिलंय तेही आहे. विसरले नव्हते. घरच्यांचे आभार मानायचे नसतात हेही कारण नव्हतं, ते जगनभावोजींचं होतं, मी आयतं वापरलं. ती ओळ वाचायला तोंड उघडलं असतं तर पुढची सत्तावीस नावं तशीच राहिली असती, आणि लोक उन्हातून आलेले होते. म्हणून मी दुसऱ्या ओळीपासून सुरुवात केली.

मी कळशी ओतत होते तेव्हा तुम्ही त्यांच्याजवळ होता. ते काय बोलले, हे मी दोन वर्षांत विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. पुड्यांच्या कागदांवरचे शेवट गेले ते गेले, माझं त्यावाचून अडलं नाही. हा एक तुमच्याकडे आहे. पाणी मागितलं असेल तर तसं सांगा, वेलाचं विचारलं असेल तर तसं, काहीच बोलले नसतील तर काहीच बोलले नाहीत असं सांगा. पत्राने नको. इथे येऊन, परसात बसून सांगा. मी तेव्हा रोपांना पाणी घालत असेन, माझ्याकडे बघू नका.

आभाराचा कागद येताना आठवणीने परत आणा. त्याच्या मागच्या बाजूला बुधूचा नंबर लिहिलेला आहे, आणि टँकर तीन दिवस आलेला नाही.